एकच असला तर

मराठी विभागासाठी लेख हवेत, अशी नोटीस मेसच्या दारावर लागली तेव्हा मी ती वाचली आणि निमूटपणे पोळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. आपलं शिक्षण कॉन्व्हेंटचं! वर्गात मराठीत बोललं की दोन रुपये दंड. घरी आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी उत्तर द्यायची इंग्रजीत. आजही 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत माझा हमखास घोळ होतो आणि भाजीवाली माझ्याकडे दयेनं बघते. तेव्हा लेखबिख आपलं काम नव्हे, असं मी रूममेटला सांगून टाकलं होतं.

पण मध्यंतरी एक गोष्ट अशी घडली की ती मराठीतच सांगायला हवी. कारण सगळा घोळ झाला तो एका मराठी वाक्यामुळे. तेही अर्धवट.

माझा मामा परळच्या भोईवाड्यात राहतो. रविवारी रात्री आपल्या मेसला सुट्टी असते (हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, तुम्हाला नाही), त्यामुळे रविवार म्हणजे मामाकडे जेवण हे ठरलेलं. भोई म्हणजे पालखी-डोली वाहणारे, मासेमारी करणारे लोक. त्यांची वस्ती तो भोईवाडा, असं मामा सांगतो. आता तिथं डोल्या नाहीत. आता दिसतात ती हातात प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेली माणसं, आणि पिशवीत फाइल. के.ई.एम. १९२६ सालचं, टाटा हॉस्पिटल १९४१ सालचं, शिवाय वाडिया, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे बीड, जळगाव, सिंधुदुर्ग कुठकुठचे लोक इथं महिनामहिना मुक्काम ठोकून असतात. फुटपाथवर स्टोव्ह पेटवून भात शिजवणारी बाई दिसली की समजायचं, आत कुणीतरी अॅडमिट आहे.

मामाच्या चाळीच्या तोंडाशी मंडळाची खोली आहे. दहा बाय बाराची. कॅरम बोर्ड, गणपतीचे जुने फोटो, कोपऱ्यात सजावटीचं सामान आणि भिंतीला एक टेबल. हे मंडळ वर्षातून दोनदा रक्तदान शिबिर घेतं. आजूबाजूच्या अजून काही मंडळांनी मिळून रक्तदात्यांची एक सामाईक यादी केली आहे. रक्तपेढ्यांतला साठा आता सरकारच्या ई-रक्तकोशवर बघता येतो, पण ही यादी बाटल्यांची नाही, माणसांची आहे. अमुक गटाचा माणूस कुठं राहतो, शेवटचं रक्त कधी दिलं, रात्री फोन केला तर चालतो का.

यादी एका ठिकाणच्या सर्व्हरवर आणि प्रत्येक मंडळाचं पान वेगळं. मंडळाचं पान त्या सर्व्हरला विचारतं, "बी पॉझिटिव्ह कोण कोण आहेत?" आणि तो उत्तर देतो. यालाच आपल्या भाषेत वेब सर्व्हिस म्हणतात. आजकाल हे काम लोक जेसनमध्ये करतात, पण ही यादी जुनी, म्हणून तिथं सोप आहे. सोप म्हणजे एसओएपी. (मामीनं विचारलं, "रात्रभर सोप सोप काय करतेस, एवढं काय धुवायचंय?") यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही एक्सएमएलच्या पाकिटात घालून पाठवतात. गंमत नाही, त्या पाकिटाचं अधिकृत नावच 'एन्व्हलप' आहे. आत हेडर आणि बॉडी. सर्व्हर काय काय प्रश्नांना उत्तर देतो आणि उत्तराचा आकार कसा असेल याची एक वेगळी फाइल असते, तिला डब्ल्यूएसडीएल म्हणतात. पीएचपीमध्ये २००४ साली पाचवी आवृत्ती आली तेव्हापासून 'सोपक्लायंट' नावाची तयार सोय आहे. तिला डब्ल्यूएसडीएलचा पत्ता दिला की पाकीट बांधणं, पाठवणं, आलेलं फोडणं ती सगळं स्वतःच करते. आपल्या हातात थेट माणसांची नावं येतात.

मंडळाचं पान बऱ्याच वर्षांपूर्वी तिथल्याच एका दादानं लिहिलं होतं. तो आता ऑस्ट्रेलियात असतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत होस्टिंगवाल्यांचा मेल आला की जुनी पीएचपी बंद होणार, नवीन आठव्या आवृत्तीवर या. मामानं मंडळात छाती काढून सांगितलं, "आमची भाची कॉम्प्युटर इंजिनिअर आहे." झालं! काम माझ्याकडे.

मी तो कोड उघडला आणि खरं सांगते, मला हसू आलं. वाट्टेल तसे स्पेस, व्हेरिएबलना नावं काय तर 'बघू', 'बघू२', आणि कॉमेंट रोमन अक्षरांत मराठी. मी तीन दिवस बसून सगळं स्वच्छ केलं. नवीन नावं दिली, फॉर्म मोबाइलवर नीट दिसेल असा केला, एरर स्क्रीनवर दिसू नयेत म्हणून ते बंद करून लॉग फाइलमध्ये वळवले. आणि जिथं यादी हातात येते तिथल्या तीन ओळी काढून टाकल्या. त्या ओळी म्हणत होत्या, जे आलंय ते अॅरे नसेल तर त्याला अॅरेत घाल. आता यादी मागितल्यावर यादीच येणार ना? शेजारी कॉमेंट होती: 'एकच असला तर'. पुढे काहीच नाही. मला वाटलं, दादाचं वाक्य अर्धवट राहिलं. बहुतेक चहा आला असेल.

मग टेस्टिंग केलं. ओ पॉझिटिव्ह, ढीगभर नावं. बी पॉझिटिव्ह, त्याहून जास्त. एबी निगेटिव्ह मुद्दाम टाकून बघितलं, चार आले. रक्तगटांच्या यादीत आठाच्या खाली नववा पर्याय होता, 'बॉम्बे'. तो मी तपासला नाही. मला वाटलं दादानं चुकून शहराचं नाव घातलंय. तोही काढणार होते, पण तेवढ्यात जेवायला हाक आली.

ही गोष्ट झाली आणि अकरा महिने पान व्यवस्थित चाललं. मंडळानं गणपतीत मला नारळ दिला.

गेल्या मे महिन्यातला शनिवार. मे म्हणजे रक्ताचा दुष्काळ. कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं नाहीत. मी सुट्टीत मामाकडेच होते आणि आमरसाची दुसरी वाटी चालू होती. खालून एका मुलानं हाक मारली, "ताई, जरा खाली ये, पान बघायचंय." खाली मंडळात एक माणूस बसला होता. तिशीतला, पायात स्लीपर, हातात चिठ्ठी. बीडहून आला होता, मामाच्या ऑपरेशनसाठी. त्याच्या मामाच्या. रक्त कमी, ऑपरेशन थांबलेलं, आणि रक्तपेढीतली एकही पिशवी जुळेना. चिठ्ठीवर गट लिहिला होता बॉम्बे. त्याला वाटत होतं मुंबईच्याच माणसाचं रक्त आणायला सांगितलंय. तो परत परत म्हणत होता, "आमी तर बीडचे, मग बॉम्बेचं रक्त कसं चालंल?"

मुलांनी दोनदा शोधून बघितलं होतं. मी लॅपटॉप उघडून तिसऱ्यांदा बघितलं. पानावर माझ्याच सुबक फॉन्टमध्ये वाक्य आलं: 'या गटाचा रक्तदाता उपलब्ध नाही.'

मी त्याला सांगितलं, "दादा, डेटाबेसमध्येच नाही. म्हणजे नाहीच." किती ठामपणे सांगितलं असेल मी ते! तो काही बोलला नाही. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, परत काढली, परत ठेवली.

एवढ्यात जेवण उरकून वहीवाले काका आले. यांचं खरं नाव सगळे विसरलेत. गिरणीत होते, आता निवृत्त. यादी कॉम्प्युटरवर जाण्याआधी ती त्यांच्या दोनशे पानी वहीत होती, आणि अजूनही आहे, कारण काका प्रत्येक शिबिरानंतर तीही भरतात. मुलं त्यांना हसतात. मीही हसायचे. काकांनी चिठ्ठी वाचली, वही काढली, शेवटून दुसरं पान उघडलं. लाल शाईत एकच नाव. पुढे फोन नंबर, आणि पेन्सिलनं शेवटच्या रक्तदानाची तारीख. तीन महिने उलटून गेलेत की नाही ते काकांनी बोटं मोजून बघितलं आणि फोन लावला. शिवडीचा माणूस. पंचवीस मिनिटांत बाइकवरून हजर. बीडवाला त्याच्या मागे बसून गेला.

काका मला काही बोलले नाहीत, हेच वाईट. फक्त म्हणाले, "हे नाव तुमच्या मशिनीत मीच भरायला दिलं होतं गं. खोडलं का कुणी?"

त्या रात्री मी झोपले नाही. आधी संशय घेतला सगळ्या जगावर. त्या सर्व्हरवरून नाव उडालं असेल. मग आठवलं की पीएचपी डब्ल्यूएसडीएलची प्रत स्वतःकडे साठवून ठेवते, न सांगितल्यास ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस. जुनी प्रत वापरली जात असेल. साठवण बंद केली. काही फरक नाही. मग वाटलं त्या फाइलमध्ये रक्तगट आठच दिलेले असतील. बघितलं, नऊ होते. मीच तेवढी आठवाली.

दीड वाजता एकदाची अक्कल आली. सोपक्लायंटला 'ट्रेस' चालू करून दिलं की तो गेलेलं आणि आलेलं पाकीट जसंच्या तसं जपून ठेवतो. मग 'गेट लास्ट रिस्पॉन्स' म्हटलं की समोर दाखवतो. ट्रेस चालू नसेल तर हाती काहीच येत नाही. मी इतका वेळ फोडलेल्या पाकिटातून बाहेर काय पडलं तेवढंच बघत होते. कच्चं एक्सएमएल स्क्रीनवर आलं, आणि माणूस तिथं होता. नाव, शिवडी, फोन नंबर, सगळं. सर्व्हरनं प्रत्येक वेळी बरोबर उत्तर दिलं होतं. आम्हीच ते फेकून देत होतो.

मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मित्रांनो, दोन मिनिटं सहन करा, इथंच खरी गोम आहे. उत्तरात दोन किंवा जास्त माणसं असली की सोपक्लायंट त्यांची अॅरे करून देतो. पण एकच असला तर तो अॅरे करत नाही! त्याला वाटतं एकाची कसली यादी? तो सरळ तो एक माणूस, म्हणजे एक ऑब्जेक्ट, हातात ठेवतो. आणि माझा 'फॉरईच' डोळे मिटून त्यावर फिरतो. पीएचपीत फॉरईच ऑब्जेक्टवरही चालतो, एरर देऊन थांबत नाही. फक्त तो मग माणसांवरून न फिरता त्या एका माणसाच्या रकान्यांवरून फिरतो. क्रमांक, नाव, फोन, विभाग, तारीख. म्हणजे एका माणसाचे पाच तुकडे झाले, आणि माझा प्रोग्राम प्रत्येक तुकड्याला विचारत बसला, "तुझा फोन नंबर काय?" नावाला कुठला फोन नंबर? फोन नंबरलाही फोन नंबर नसतो. नंबर नाही तर पुढे चला, अशी सूचना मीच लिहिली होती. पाचही जण बाद. 'रक्तदाता उपलब्ध नाही.'

एकच असला तर. दादाचं वाक्य अर्धवट नव्हतंच. वाक्याचा पुढचा भाग म्हणजे त्या खालच्या तीन ओळी होत्या.

सकाळी मी बॉम्बे रक्तगटाबद्दल वाचायला बसले. आधी वाचायला हवं होतं! लाल पेशींवर एच नावाचा एक पदार्थ असतो. त्याच्यावर अजून एक साखर चढली की ए किंवा बी गट होतो, काहीच चढलं नाही तर ओ. बॉम्बे गटाच्या माणसात मुळात तो एचच नसतो. ए नाही, बी नाही, म्हणून साध्या तपासणीत तो ओ दिसतो. पण ओचं रक्त त्याला चढवलं तर जिवावर बेततं, कारण त्याचं शरीर एचलाही परकं मानतं. उलट बाजूनं तपासावं लागतं, म्हणजे त्याचा सीरम घेऊन त्यात ओच्या पेशी घालायच्या. त्या एकमेकींना चिकटल्या की कळतं हा ओ नव्हे. अशी माणसं आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट १९५२ साली शोधला, 'लॅन्सेट'मध्ये जाहीर केला, आणि हे सगळं झालं के.ई.एम.मध्ये. मामाच्या गॅलरीतून ज्याची पाण्याची टाकी दिसते त्या के.ई.एम.मध्ये! आणि मी तो पर्याय स्पेलिंग मिस्टेक समजून काढणार होते.

खरं तर गोष्ट इथं संपवली असती तर बरं झालं असतं. दुरुस्ती सोपी होती. सोपक्लायंटला 'सिंगल एलिमेंट अॅरेज' नावाचा पर्याय देता येतो. मग डब्ल्यूएसडीएलमध्ये 'एकाहून जास्त असू शकतात' असं म्हटलेलं असेल तिथं तो एकट्याचीही अॅरे करतो. तो दिला, आणि दादाच्या तीन ओळीही परत घातल्या. आणि मग लॉग फाइल आठवली. मीच बनवलेली, अकरा महिन्यांत एकदाही न उघडलेली.

प्रत्येक तुकड्याला नंबर विचारताना पीएचपी लॉगमध्ये एक वॉर्निंग लिहिते. एका शोधाला पाच ओळी. त्या रात्री आम्ही तीनदा शोधलं होतं, म्हणजे पंधरा. माझ्या चाचण्या मी माझ्या लॅपटॉपवर केल्या होत्या, त्या यात नव्हत्या. लॉगमध्ये पंचवीस होत्या.

म्हणजे अजून दोन शोध. एक ऑगस्टमधला, दुपारचा. दुसरा फेब्रुवारीतला, पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी.

दुपारचा कदाचित कुणीतरी सहज बघितला असेल. मी स्वतःला तसं सांगते. पण पहाटे दोन वाजता बॉम्बे हा पर्याय सहज कोण निवडतं? लॉगमध्ये नाव नाही, नंबर नाही, फक्त वेळ आणि फाइलमधली ओळ. माझी ओळ.

मला हे कुणाला सांगायचं नव्हतं. दोन दिवस सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी मंडळात काका एकटेच कॅरमची पावडर झाडत होते तेव्हा सगळं सांगून टाकलं, अॅरेबिरे सकट. त्यांना अॅरे कळला नसावा. पण त्यांनी दोन्ही तारखा विचारल्या आणि वही काढली. त्यांच्या वहीत रात्रीबेरात्री आलेल्या फोनांचं एक वेगळं पान असतं. बोट फिरवत खाली गेले. दोन्ही तारखांना नोंद नव्हती.

"इथं नाही आले ते," काका म्हणाले. "तुझ्या पानानं नाही म्हटलं, मग कशाला येतील?"

मी रडले. मंडळाच्या खोलीत, गणपतीच्या फोटोंसमोर. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि बराच वेळ वही उघडीच ठेवली.

बीडवाल्या माणसाच्या मामाचं ऑपरेशन झालं. तो जायच्या आधी मंडळात सांगून गेला, मी तेव्हा हॉस्टेलवर होते. शिवडीच्या रक्तदात्याला मात्र मी मुद्दाम भेटले, चूक कबूल करायला. तो बेस्टमध्ये कामाला आहे, फोन कधी बंद ठेवत नाही म्हणाला. चूक ऐकून हसला. मग सहज म्हणाला, "यादीत मी एकटाच ना? मग मला लागलं तर तुम्ही कुणाला फोन करणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एकाचा प्रश्न सोडवला तर हा शून्याचा प्रश्न. उत्तरात कुणीच नसेल तर ऑब्जेक्टमध्ये तो रकानाच येत नाही, तेवढं तपासून घेणं सोपं आहे. पण त्यानंतर पानावर लिहायचं काय? 'उपलब्ध नाही' हे वाक्य मी काढून टाकलं आहे. आता तिथं काकांचा फोन नंबर येतो (त्यांना विचारूनच), आणि त्याखाली जवळच्या रक्तपेढ्यांचे नंबर. वहीत काकांनी लाल शाईच्या पानावर पुणे आणि सांगलीच्या ओळखीच्या दोन शिबिरवाल्यांचे नंबर लिहून घेतलेत. तिथं विचारणं चालू आहे. लॉग फाइल आता दर रविवारी मामाकडे जेवायच्या आधी बघते. वॉर्निंग आली की मला मेल येईल अशी सोयही केली आहे. मेसमध्ये मी जेवताना मोबाइल बघते ते त्यासाठी, कृपया गैरसमज नसावा.

शेवटी कॉमेंट राहिली होती. दादाला मेल करून विचारलं, त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: "अगं, तेव्हा काकांनीच पकडला होता तो बग." मग मी कॉमेंट रोमनमध्ये न ठेवता देवनागरीत लिहायची ठरवली, आणि या खेपेला वाक्य पूर्ण करून. लॅपटॉप मंडळात नेऊन काकांना दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनजवळ नाक नेऊन वाचलं: 'एकच असला तर त्याचीही यादि करावी.'

"यादीतला दी दीर्घ गं," काका म्हणाले.